कवळ्यांची पाहणी

दंतवैद्यांच्या संस्थेचं मानद अध्यक्षपद डॉ. मेघाला मिळणार की नाही, हे आजच्या पाहणीवर ठरणार होतं. चोपड्याजवळच्या या गावात तिने म्हाताऱ्या माणसांना मोफत कवळ्या बसवून दिल्या होत्या. जळगावहून आलेले ज्येष्ठ डॉक्टर एकेकाला विचारत होते. मेघा मनातल्या मनात नामस्मरण करत होती, पण जीव काही थाऱ्यावर नव्हता.

"कवळी कशी आहे, आजी?"

"भलती भारी शे, भाऊ!" भिकुबाई तोंडभर हसली. तिच्यामागे बसलेली सगळी म्हातारी मंडळीही हसली. मेघाचं नाव पक्कं झालं.

पाहुण्यांची गाडी वळणाआड गेली, तसा भिकुबाईने मेघाचा हात हळूच धरला.



"माय, आते काढूत का कवळ्या? सगळासले भूक लागनी."