लाल फडक्याचा बांबू

रस्त्यातल्या मोरीजवळच्या खड्ड्यात गावाने लाल फडकं बांधलेला बांबू रोवून ठेवला होता. पाणी भरलं की तेवढीच खूण. काल समोरून डंपर अंगावर आला आणि अल्पेशच्या रिक्षाचं चाक खड्ड्यात जाऊन वाकलं. त्याने तोच बांबू उपटून चाकाखाली घातला, रिक्षा वर काढली, घरी ढकलत आणली. रिक्षात टाकलेला बांबू परत रोवायचा राहिला. आज बाबांना श्वास घेता येईना. अल्पेशने रेवदंड्याहून ॲम्ब्युलन्स बोलावली. ओठ निळे पडत चालले, तेव्हा ड्रायव्हरचा फोन आला. “मोरीपाशी गाडी खड्ड्यात बसलीय, एक्सल गेला. एक काठी तरी रोवून ठेवायची ना कुणी! अलिबागवरून दुसरी गाडी निघालीय.” “कुठं पोचली वो?” हेमाली सासऱ्यांची छाती चोळत विचारत होती. अल्पेश तडक बाहेर पडला. रिक्षातून बांबू खेचून तो अनवाणी मोरीकडे धावत सुटला. दुसऱ्या गाडीच्या आधी तिथं पोचायचं होतं.