पूर्ण नावाची तालीम

आमच्या बानी गावात कागदावरचं नाव कागदावरच राहतं. मला अख्खं गाव पापोलो म्हणतं, माझ्या लेकीला मुन्ये. पूर्ण नाव घेते ती एकटी माझी बायको, याहायरा. तेही कुणाची खरडपट्टी काढायची असेल तेव्हाच.

बालवाडीत मात्र हजेरी पूर्ण नावानं. म्हणून पंधरा दिवस मी अंगणातल्या डॉमिनोच्या टेबलावर चमचा आपटून लेकीची तालीम घेतली.

"दारिएला आल्ताग्रासिया पेराल्ता!"

पहिल्या दिवशी ती थेट खुर्चीखाली घुसली. "मी नाही सांडलं दूध!"

"अगं वेडे, ओरडत नाहीये कुणी. नुसतं 'हजर' म्हणायचं."

शेजारचे म्हातारे सोंगट्या सोडून हसायचे. "पापोल्या, बालवाडीत ती जाणार आहे का तू?"

"तुम्हाला काय कळतंय, काका? पोरांची तयारी घरातूनच व्हावी लागते!"

शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी नाव पुकारलं आणि पोरगी खणखणीत म्हणाली, "हजर!" माझी छाती इतकी फुगली की शर्टाचं बटण तुटायचंच बाकी होतं. मग बाईंनी पालकांच्या सहीचा कागद उचलला आणि आवाज चढवला.

"एलिहियो बिएनवेनिदो पेराल्ता!"

माझ्या हातातली टोपीच गळाली. "देवाशपथ सांगतो, काल दोनच बिअर प्यायलो!"



 

लेकीनं हळूच माझी विजार ओढली. "पप्पा, ओरडत नाहीये कुणी. नुसतं 'हजर' म्हणायचं."