खिळ्यावरची क्रँक

माझा मुलगा आदिनाथ पैठण रस्त्यावर अपघातात गेला. त्याची दोन्हीकडं शॉकप असलेली जुनी डोंगरी सायकल मी नात अक्षदासाठी दुरुस्त केली. झिजलेली क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, काढून नवी बसवली. जुनी आम्ही भंगारात टाकतो. पण हिच्यावर पोराचे पाय पडलेले, म्हणून माझ्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात खिळ्याला टांगली.

दुष्काळाच्या उन्हात अक्षदा त्याच सायकलवर चितेगावला निघाली. इकडं खिळ्यावरची क्रँक फिरू लागली, चढावर पाय ओढावा तशी. मग थांबली.

मी घाबरून फोन लावला.

"पाणी पितेय, आबा. लिंबाखाली बसलेय. लई भेता तुम्ही!"

जिवात जीव आला. तेवढ्यात क्रँक पुन्हा फिरू लागली.

"बाई, सायकल कुठंय?"

"हितंच तर टेकवली होती..." ती म्हणाली, आणि फोनमधून चेनचा आवाज जवळ येत गेला.