आईकडून आलेलं अक्षर

"आधी कागद आणा," पाद्रीबाबांनी फॉर्म मोरोंकेकडे परत सरकवला. "रक्ततपासणीच्या कागदाशिवाय या चर्चमध्ये लग्न लागत नाही. राजाचं असलं तरी."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला, बाबा?" मोरोंके म्हणाली. "माझी आई एसएस आहे. अख्ख्या मोकोला वस्तीला माहीत आहे."

शेजारी तिचा होणारा नवरा कोलापो बसला होता. त्याचा कागद आधीच फाइलमध्ये होता. त्यावर एएस लिहिलं होतं.

इबादान शहरात हे शेंबड्या पोरालाही कळतं. प्रत्येकाला दोन अक्षरं मिळतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. 'ए' चांगलं, 'एस' सिकलसेलचं. एकच एस असेल तर माणूस ठणठणीत राहतो. दोन जमले की जन्मभर हाडांत कळा, आणि आईबाप दोघंही एएस असले की मुलात ते जमू शकतात. मोरोंकेच्या आईकडे द्यायला एस सोडून दुसरं अक्षरच नव्हतं, म्हणजे मोरोंके निदान एएस तरी असणारच. शाळेपासून प्रत्येक फॉर्मवर तिने तेच लिहिलं होतं, सुई टोचून न घेता. याच हिशोबाने सत्ताविसाव्या वर्षी तिने एएस असलेल्या एका चांगल्या माणसाला नाही म्हटलं होतं. आता बत्तिसाव्या वर्षी कोलापो भेटला, तर तोही नेमका एएस.

"दोघंही एएस निघालात तर मी आशीर्वाद देणार नाही," पाद्रीबाबा म्हणाले. "पण न बघता नाहीही म्हणणार नाही. जा, रक्त द्या."

घरी आई शिवणयंत्रावर बसली होती. हर्मटानचं कोरडं वारं सुटलं होतं, म्हणून तिच्या अंगात दोन स्वेटर होते आणि काठी हाताशी. या दिवसांत तिची कंबर फार दुखायची. पुढ्यात निळं कापड पसरलेलं होतं आणि ते कापूनही झालं होतं.

"हे काय, आई?"

"तुझ्या लग्नाचं."

"अगं, बाजारात तुरी! पाद्रीबाबा तयार नाहीत."

"रक्त दे म्हणतात ना? मग दे. मीही महिनाभर तेच सांगतेय. रडायचं ते नंतर रड."

दारातून अकाराच्या गरम वड्यांची टोपली घेऊन शेजारची इया बोला आत आली. आई तान्ह्या मोरोंकेला पाठीशी बांधून इलेशाहून इथे आली, तेव्हा पहिलं ताट तिनेच वाढलं होतं. त्यामुळे या घरात बोलायचा परवाना तिने कधी मागितला नाही.

"रक्त कशाला तपासायचं? दातांतली फट बघा की. हुबेहूब आई! फट आईची, तर रक्त काय माझं असेल?"

मोरोंके हसली. आई सुईत दोरा ओवत होती. तो काही केल्या ओवला जाईना.

आठवड्याने बाजारातल्या लॅबचा कागद आला. एए.

मोरोंकेला आधी हसूच आलं. नळ्या बदलल्या असणार. असे घोटाळे ऐकून तिचे कान किटले होते. ती मोठ्या इस्पितळात गेली आणि दुसऱ्या हातातून रक्त दिलं. तिथेही एए.

"अजून काय पाहिजे?" कोलापोला आनंद लपवता येत नव्हता. "तू एए, मी एएस, आपल्या मुलांना काही होत नाही. राष्ट्रपतींची सही हवी का?"

"आणि हे दोन्ही चुकले असतील तर?"

"मोरोंके, तुला माझ्याशी लग्नच करायचं नाही का?"

"करायचंय रे! म्हणून तर जीव टांगणीला लागलाय. मी आईच्या कळा पाहिल्यात. माझ्या मुलाच्या अंगात त्या नकोत."

रात्री तिला झोप लागली नाही. ती सरळमार्गी शिक्षिका. उत्तर जुळलं नाही की गणित पुन्हा मांडायचं, हे ती मुलांना शिकवायची. तिने पुन्हा मांडलं आणि तिला चूक दिसली. आईचा कागद! चाळीस वर्षांपूर्वीचा, गावच्या दवाखान्यातला, पिवळा पडलेला. तोच चुकला असेल तर? मग आईला दुसराच कुठलातरी आजार आहे आणि ती जन्मभर भलत्याच गोळ्या गिळत आली. या विचाराने तिला आईची दया आली, आणि दवाखान्याचा भयंकर राग.

सकाळी ती यंत्रासमोर उभी राहिली.

"आई, उद्या तुझं रक्त द्यायचं."

"कशाला? माझं काय आहे ते मला माहीत आहे."

"नाही माहीत. तुझा कागद एसएस म्हणतो, माझा एए. एसएसच्या पोटी एए जन्मत नाही. दोन्ही कागद खरे असूच शकत नाहीत."

आईने यंत्राचं पायडल थांबवलं.

"माझा खोटा असेल, तर मी लगेच कोलापोला नाही सांगते," मोरोंके म्हणाली. "तुझा खोटा असेल, तर लग्न करते. पण मला कळू दे. वेड लागायची पाळी आलीय मला."

आईने दोरा दाताने तोडला. काठी न घेताच ती उठली आणि निळा झगा मोरोंकेच्या खांद्यांना लावून बघू लागली. माप बरोबर होतं.

"इतकी वर्षं तुझ्यापासून एकच गोष्ट लपवली," ती म्हणाली. "तुझं लग्न मोडत असेल तर नाही लपवायची. दोन्ही कागद खरे आहेत, पोरी. तुझ्यात माझं अक्षर नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून तर कापड आधीच कापलं."