चाचणीचे फोन

कॉलेजने विद्यार्थ्यांसाठी मानसिक आधाराची हेल्पलाइन निवडायची होती.

प्राचार्यांनी हेडक्लार्क बाईंना तीन नंबर दिले. "खोटं खोटं रडा आणि कुठली बरी ते सांगा."

पहिल्या नंबरवर नुसतं संगीत वाजत राहिलं. दुसऱ्यावर रोल नंबर विचारून अर्ध्या मिनिटात बोळवण झाली. तिसऱ्यावर कुणीतरी "जेवलात का?" एवढंच विचारलं आणि बाई पाऊण तास खरंखुरं रडल्या.

"पाऊण तास? अहो बाई, मग पोरं लेक्चरला कधी बसणार?" म्हणत प्राचार्यांनी अर्ध्या मिनिटवालीवर सही ठोकली.



बाईंनी नाक पुसून अर्ज टाइप केला: "तिसऱ्या हेल्पलाइनची चाचणी अपूर्ण असून, ती माझ्या निवृत्तीपर्यंत रोज कार्यालयीन वेळेत चालू ठेवण्यास मंजुरी मिळावी, ही विनंती."