गुरुवारचं चिकन

स्वयंपाकाची स्पर्धा जिंकली तर सुचित्राला काय मिळणार, हे सिंगापूरच्या बुकित पंजांगमधल्या तिच्या अख्ख्या इमारतीला पाठ होतं. टीव्हीवरच्या शेफ वेस्लीच्या रेस्टॉरंटात वर्षभर तिचं चिकन, आणि मेनूकार्डावर तिचं नाव. शिवाय ‘नवऱ्याच्या व्हिसा-पासवर आलीयस, मग दिवसभर करतेस तरी काय?’ हा प्रश्न कायमचा बंद. हा शेवटचा फायदा मात्र तिने एकटीनेच हिशेबात धरला होता.

अंतिम फेरीत दोघंच उरले होते. ती, आणि बुओना व्हिस्टा भागातल्या आयटी कंपनीतला अनिमेष. पदार्थ शेफच्या गावाकडचा, अमेरिकेच्या दक्षिणेतला: रात्रभर ताकात भिजवून, पिठात घोळवून तळलेलं चिकन. कढईवर वाकून सुचित्राने वास घेतला, तंगड्या काढल्या आणि ट्रे पुढे ठेवला.

“आता चाखा,” शेफ म्हणाला. “कॅमेऱ्यात बघून. न चाखता माझ्या किचनमधून काही बाहेर जात नाही.”

“आज गुरुवार. माझा उपास आहे.”

“मग मीठ बरोबर पडलंय, हे कशावरून?”

“वासावरून. घरच्यांना गुरुवारीही चिकन लागतं. वीस वर्षं न चाखताच करतेय.”

बाजूला उभी असलेली तिची मुलगी रुचिरा सिंगापुरी हेल काढून कुजबुजली, “आई, जस्ट वन बाइट, ला! देव काय हा शो बघतोय?”

“देवाशी मी बोलेन. तू ह्या शेफशी बोल.”

शेफने एक तंगडी उचलली. मग दुसरी. हाडं लख्ख करून म्हणाला, “मीठ अगदी बरोबर. पण नियम म्हणजे नियम. एक घास, मॅडम, आणि बक्षीस तुमचं.”

स्वतःचं चिकन चार वेळा चाखून बसलेला अनिमेषही म्हणाला, “खा ना काकू. मी हरायला तयार आहे.”

“मी नाही,” सुचित्रा एप्रनला हात पुसत म्हणाली.

तिला बाद केलं. टाळ्या वाजल्या, अनिमेषच्या गळ्यात पदक पडलं. शेफने बोलता बोलता तिसऱ्या तंगडीकडे हात नेला. सुचित्राने ट्रे मागे ओढला.

“मला बाद केलंत ना? मग आता तुम्ही परीक्षक नाही, गिऱ्हाईक. आठ डॉलर.”

शेफ कॅमेऱ्याकडे बघून हसला. तिच्याकडे बघितल्यावर हसायचा थांबला आणि दहाची नोट काढली. तिने पर्समधून दोन परत दिले.

प्रेक्षक सिंगापूरचेच, रांग दिसली की उभे राहणारे. कुणी काही न सांगता ते शेफच्या मागे रांगेत उभे राहिले. रुचिरा एकेक तंगडी फॉइलमध्ये गुंडाळू लागली.

रांगेत सगळ्यात शेवटी अनिमेष होता, पदकासकट.

“काकू, मलाही पैसे?”

सुचित्राने त्याच्याकडूनही आठच घेतले.