श्रीनाथचा मुलगा

"पिता का नाम?" तहसीलदारांनी विचारलं.

मधुकर पाठकने एकदा दाराकडे बघितलं. मग म्हणाला, "श्रीनाथ."

कारकुनाने लिहून घेतलं. मधुकरने सही केली. शपथेवरचा जबाब होता. खोटा निघाला तर कैद, हे त्याला आधीच वाचून दाखवलं होतं. सगळं पाच मिनिटांत आटोपलं. तेवढ्यात देवासचे गोपाळ पाठक, ज्यांनी लग्नकार्यांत आचाऱ्याचं काम करून त्याला मॅट्रिक केलं होतं, कागदावर त्याचे वडील उरले नाहीत.

ज्या घरासाठी हे चाललं होतं ते उज्जैनच्या फ्रीगंजमधलं, पुढे दोन खोल्या आणि मागे एक. मालक यज्ञेश्वर पाठक ग्वाल्हेर दरबारच्या दप्तरातून पेन्शनीत निघालेले. बायको केव्हाच गेलेली, मूलबाळ नाही. एकुलता भाऊ श्रीनाथ ग्वाल्हेरला असायचा, तोही तरुणपणीच वारला. मागच्या खोलीत मधुकर आणि त्याची बायको अलका सहा वर्षं भाड्याने राहत होती. श्रावणात म्हातारा गेला. रियासत संपून मध्यभारत झालं होतं आणि नवं सरकार लावारिस घरांच्या याद्या करत होतं. दारावर सरकारी नोटिशीचा इश्तिहार लागला. कोणी वारस असेल तर त्याने तीन महिन्यांत हजर व्हावं, नाहीतर घर सरकारजमा.

आडनाव एकच. मधुकर म्हाताऱ्याला काका म्हणायचा, त्यामुळे गल्लीत बहुतेकांना तो पुतण्याच वाटायचा. शेवटचं वर्षभर त्यानेच काकांना उठवलं-बसवलं, अंघोळ घातली. अग्नीही त्यानेच दिला. हे करताना घर मनात नव्हतं, असं तो छातीवर हात ठेवून सांगू शकला असता. निदान इश्तिहार लागेपर्यंत.

जबाब देऊन तो घरी आला तेव्हा अलका कणीक मळत होती. त्याने काय लिहून दिलं ते ऐकून तिने परात बाजूला सरकवली.

"मामंजी असते तर हे लिहिलं असतंत?"

 याचं उत्तर मधुकरला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला गोपाळराव देवासहून आले होते. त्यांनी काकांच्या स्वयंपाकघरात बासुंदी आटवली. काकांनी त्यांना आपल्या शेजारी पाटावर बसवून आग्रह करकरून वाढलं. जेवणं झाल्यावर शेजारचे जयंत करमरकर डोकावले आणि पाहुणे कोण म्हणून विचारू लागले. मधुकर पटकन बोलून गेला, "देवासचे आचारी आहेत." गोपाळरावांनी ते ऐकलं. काकांनीही ऐकलं. संध्याकाळच्या मोटारीने गोपाळराव देवास गेटच्या मोटारतळावरून परत गेले. पुढल्या उन्हाळ्यात ते वारले, तोवर पुन्हा उज्जैनला आले नाहीत.

"आता लिहून झालंय," तो अलकाला म्हणाला. "घर गेलं तर जायचं कुठे?"

अलकाने परात पुन्हा ओढून घेतली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागली.

पण नुसत्या जबाबावर तहसीलदारांचं समाधान झालं नाही. रामघाटावर तात्या उपाध्ये म्हणून वृद्ध तीर्थोपाध्ये होते. उज्जैनच्या दक्षिणी घराण्यांच्या वंशावळी त्यांच्या वह्यांत होत्या. पाठकांची वही घेऊन यावं, असं तहसीलदारांनी त्यांना कळवलं.  दुसऱ्या दिवशी शाळेत मुलांना शिकवायला जाण्याआधी मधुकर घाटावर गेला.

आपण यज्ञेश्वररावांचे पुतणे, असं त्याने सांगितलं. तात्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि त्याच्याकडे बघत राहिले.

"श्रीनाथचा मुलगा?"

"हो."

"नक्की श्रीनाथचाच ना?"

"हो," मधुकर म्हणाला.

मग त्याने चाचरतच विचारलं, की श्रीनाथरावांच्या खाली एखादं नाव लिहायचं राहिलं असेल, ते आता घालता येईल का. तात्या रागावले नाहीत. वहीत जे आहे ते मी वाचून दाखवीन, नवीन एक अक्षर लिहिणार नाही, एवढंच म्हणाले. पायऱ्या चढून वर येईपर्यंत मधुकरचे कान तापलेले होते.

तारखेच्या दिवशी कचेरीत गल्लीतले चौघेजण आले होते. पंच म्हणून करमरकरही होते. अलका आली नाही. तात्यांनी लाल कापड सोडून लांबट वही उघडली. यज्ञेश्वरचे आजे, वडील, मग स्वतः यज्ञेश्वर आणि श्रीनाथ. श्रीनाथच्या संततीची नोंद नव्हती. असल्याची नाही आणि नसल्याचीही नाही.

मधुकरने मान खाली घातली. आता हाकलून देतील, याची तो वाट बघू लागला.

"एक नोंद राहिली," तात्या म्हणाले. "दोन वर्षांपूर्वीची, शिवरात्रीची. आजारपणाच्याही आधीची. यज्ञेश्वररावांच्या हातची आहे, खाली दोन साक्षी आहेत."

त्यांनी सावकाश वाचलं.

"मला संतान नाही. देवासचे कै. गोपाळ पाठक, व्यवसाय आचारी, मोठ्या मनाचा माणूस. त्यांचा मुलगा मधुकर यास मी आपला मुलगा मानले आहे. माझे क्रियाकर्म त्याने करावे. माझे फ्रीगंजातील घर त्याचे."

तहसीलदारांनी वही आपल्याकडे ओढली, सह्या तपासल्या. हे तर मृत्युपत्रच झालं, म्हणाले. मग मधुकरच्या जबाबाचा कागद काढून त्यांनी वहीशेजारी ठेवला आणि दोन्ही नावांवर बोट फिरवलं.

"एक मधुकर श्रीनाथ, एक मधुकर गोपाळ." त्यांचा आवाज नरमच होता. "पाठकजी, सोचकर बताइए, बयान अभी सुधर सकता है. ये दूसरे मधुकर, रसोइये के बेटे, कहीं आप ही तो नहीं?"

मागच्या बाकावर करमरकर ऐकायला पुढे सरकून बसले. मधुकरने एकदा त्यांच्याकडे बघितलं.

"जी नहीं," मधुकर म्हणाला.